घोडा धावतो तरी कसा?



आमच्या वर्गात एकदा मोठा वाद झाला. प्रश्न साधाच होता. घोडा भरधाव पळताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का? अर्धा वर्ग म्हणाला, "असतात." उरलेला अर्धा म्हणाला, "मग तो पडत कसा नाही?" एकजण तर म्हणाला, "एक पाय तरी टेकलेलाच पाहिजे, नाहीतर तो घोडा कसला, पाखरूच झाला की!" गुरुजींनी उत्तर काही सांगितले नाही. ते म्हणाले, "शोधा, लिहा आणि भिंतीवर लावा." म्हणून हा लेख.

आपल्या देगलूरला घोडा काही नवलाचा नाही. आपण सीमेवरची माणसे. आपण घोडा म्हणतो, तेलुगू बोलणारे पाहुणे गुर्रम म्हणतात आणि कानडी बोलणारे कुदुरे म्हणतात. नाव कोणतेही घ्या, वरातीत जनावर तेच असते. पण घोडे मनसोक्त पाहायचे असतील तर आपल्याच जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला जावे. मार्गशीर्ष महिन्यात तिथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. खंडोबाचे वाहनच घोडा, त्यामुळे देवाचे दर्शन आणि जनावरांचा बाजार दोन्ही एकाच ठिकाणी. घोडे, गाढवे, उंट, आपली लाल कंधारी गुरे, सगळे तिथे असते. बाजारात गिऱ्हाईक घोड्याला कसे पारखते ते नीट बघा. आधी तोंड उघडून दात पाहते, कारण दातांवरून वय कळते. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतात आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत सगळे पक्के येतात. मग एकेक खूर उचलून पाहतात. आणि शेवटी म्हणतात, "मामा, जरा चालवून दाखवा." रंग कितीही देखणा असो, अबलक असो की पंचकल्याणी, चाल पाहिल्याशिवाय जाणता माणूस पैसे काढत नाही.

आता ही चाल म्हणजे काय ते पाहू. घोड्याला चालायची एकच रीत नसते. माणूस जसा चालतो किंवा पळतो, तसे घोड्याचे तीन-चार प्रकार असतात, आणि प्रत्येक प्रकारात पाय टेकण्याचा क्रम वेगळा असतो. डोळ्यांनी हा क्रम धरता येत नाही. कानांनी मात्र धरता येतो. डांबरी रस्त्यावर नाल मारलेला घोडा चालला की डोळे मिटून टापा ऐका.

साधी चाल असेल तर टाप्, टाप्, टाप्, टाप् असे चार सारखे आवाज येतात. आधी मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. या चालीत दोन किंवा तीन पाय नेहमी जमिनीवर असतात. वेग तासाला सहा-सात किलोमीटर, म्हणजे माणसाच्या झपाझप चालण्याहून थोडा जास्त.

त्याहून पुढची ती दुडकी. इथे फक्त दोनच आवाज येतात, टप-टप, टप-टप. कारण पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरपे पाय जोडीने पडतात, मग दुसरी तिरपी जोडी. दोन जोड्यांच्या मध्ये घोडा क्षणभर हवेत असतो. म्हणून तर दुडकीवर नवखा स्वार खोगिरावर पोत्यासारखा आदळतो! दुडकीचा वेग तासाला तेरा ते पंधरा किलोमीटर धरावा. टांग्याचा घोडा बहुतेक याच चालीने जातो, कारण तिरपे पाय पडल्याने अंग डावी-उजवीकडे झुलत नाही आणि ओझे सरळ ओढले जाते.

रवाल किंवा रेवाल म्हणून आणखी एक चाल आहे. घोडेबाजारात तिला मोठा मान. यात एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ लागोपाठ पडतात. पाठ फारशी हलत नाही. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत ही चाल कित्येकांना जन्मतःच येते. लांबचा प्रवास करणाऱ्या स्वाराला ती फार सुखाची.

हे कळत नसेल तर एक खेळ करा. दोन मुलांनी एकामागे एक उभे राहायचे. मागच्याने पुढच्याच्या कमरेला धरायचे. पुढचा मुलगा म्हणजे घोड्याचे पुढचे पाय, मागचा म्हणजे मागचे. दोघांनी एकदम डावा, मग एकदम उजवा टाकला, की रवालसारखे होते. पुढच्याने डावा टाकताना मागच्याने उजवा टाकला, की झाली दुडकी. आणि मागच्याने आधी डावा, मग पुढच्याने डावा, मग मागच्याने उजवा, मग पुढच्याने उजवा, ही साधी चाल. हीच सर्वांत अवघड जाते, करून बघा. पहिलीच्या मुलांना घेऊन करू नका, ती पडतात.

दुडकीहून वेग वाढला की मध्यम दौड लागते. तिचे आवाज तीन. उदाहरणार्थ, आधी मागचा डावा, मग मागचा उजवा आणि पुढचा डावा एकदम, शेवटी पुढचा उजवा. मग थोडी शांतता, पुन्हा तीन आवाज. त्याहूनही जोर केला म्हणजे घोडा चौखूर सुटला. आता जोडीने पडणारे पायही सुटे होतात आणि भराभर चार आवाज येतात, मागचे दोन, पुढचे दोन, मग शांतता. ही शांतता म्हणजेच आमच्या वादाचे उत्तर! त्या क्षणी घोड्याचा एकही पाय जमिनीवर नसतो.

हे सिद्ध कसे झाले ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची जुनी चित्रे पाहिली तर पळणारा घोडा कसा काढलेला असतो? पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे ताणलेले, जणू काही तो हवेत पोहत आहे. मोठमोठे चित्रकारही तसेच काढत. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात लेलंड स्टॅनफर्ड नावाचे एक धनवान गृहस्थ होते. त्यांना घोड्यांचा मोठा नाद. त्यांनी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला कामाला लावले. मायब्रिजने पालो आल्टो येथील धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडले आणि वाटेत आडवे दोरे बांधले. घोडी धावत आली की एकेक दोरा तुटे आणि त्या त्या कॅमेऱ्याची झडप उघडून मिटे. १९ जून १८७८ रोजी सॅली गार्डनर नावाच्या घोडीची अशी चित्रे निघाली. दर सत्तावीस इंचांवर एक चित्र, आणि दोन चित्रांमधला वेळ सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग.

चित्रे पाहून सगळेच चकित झाले. चारही पाय हवेत होते हे खरे, पण ते ताणलेले असताना नव्हे! चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना घोडी हवेत होती. म्हणजे इतकी वर्षे चित्रकार हवेत उडणारा घोडा काढत होते ते बरोबर, पण उडण्याची वेळ चुकीची धरत होते. गंमत आहे की नाही? पुढे अशीच चित्रे भराभर एकामागून एक दाखवण्याची युक्ती मायब्रिजने केली आणि घोडा हलताना दिसू लागला. आपण टूरिंग टॉकीजमध्ये किंवा टीव्हीवर जो सिनेमा पाहतो, त्याच्या जन्माच्या गोष्टीत या घोडीचेही नाव घेतात.

आता तो पडत का नाही, या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सायकल उभी ठेवली तर पडते आणि चालू असली तर पडत नाही, तसेच काहीसे. घोडा हवेत असतो तो अगदी थोडा वेळ, आणि वेगामुळे तो पुढेच जात असतो. खाली येईपर्यंत मागचा पाय टेकायला तयार असतो. वळताना मात्र त्याला हुशारी करावी लागते. चौखूर धावताना पुढचा जो पाय सर्वांत शेवटी टेकतो, तो उजव्या वळणाला उजवा आणि डाव्या वळणाला डावा असावा लागतो. उलटा असला तर घोडा अडखळतो. शर्यतीचे घोडे सरळ रस्त्यावर मधेच हा पाय बदलतात, म्हणजे एकाच पायावर सारखा ताण येत नाही. आपण पाण्याची बादली या हातातून त्या हातात घेतो तसे.

घोड्याचा पाय म्हणजे निसर्गाची मोठी कारागिरी आहे. पण नावांत आपली फसगत होते. घोड्याच्या पुढच्या पायाचा 'गुडघा' हा खरे म्हणजे त्याचे मनगट असते. मागच्या पायाचा जो सांधा मागे निघालेला दिसतो, ती त्याची टाच. त्याखाली उरते ते फक्त एक बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख! बैलाचा खूर दुभंगलेला असतो, कारण बैल दोन बोटांवर चालतो. घोडा एका बोटावर. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्याचा पूर्वज कुत्र्याएवढा होता आणि त्याच्या पुढच्या पायांना चार-चार, मागच्यांना तीन-तीन बोटे होती. पुढे उघड्या माळरानांवर गवत खात राहणे आणि शत्रू दिसताच पळत सुटणे हाच त्याच्या वंशाचा धंदा झाला. तसतशी बाजूची बोटे लहान होत गेली, मधले तेवढे राहिले. पाय जितका लांब आणि खाली जितका हलका, तितका तो भराभर पुढे-मागे करता येतो. म्हणून घोड्याचे सगळे मांस वर, खांद्यात आणि पुठ्ठ्यात. गुडघ्याच्या खाली जवळजवळ नुसती हाडे आणि नसा. इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, तर मांसाला हाडाशी बांधणारी दोरीसारखी नस, बरं का.

ही नस स्प्रिंगचे काम करते. पाय टेकला की घोट्याचा सांधा खाली दबतो आणि नस ताणली जाते. पाय उचलताना ती आखडते आणि घोड्याला फुकटात थोडा धक्का देते. सायकलच्या सीटखालची स्प्रिंग दाबून सोडली की वर येते, अगदी तसे. चौखूर धावताना एकेका पायावर वजनाच्या अडीचपट जोर येऊ शकतो. साडेचारशे किलोचा घोडा असेल तर एका पायावर, एका बोटावर, अकरा क्विंटल! आडतीवर सोयाबीनची पोती मोजणाऱ्यांना हा आकडा किती मोठा ते सांगायला नको.

श्वासाचेही असेच. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही. म्हणून धावून आलेल्या घोड्याच्या नाकपुड्या एवढाल्या फुगतात. आणि चौखूर धावताना एका झेपेला एकच श्वास असतो. झेप घेतली की आत, पुढचे पाय टेकले की बाहेर, लोहाराच्या भात्यासारखे. एका सेकंदात दोनाहून जास्त झेपा होतात, म्हणजे मिनिटाला सव्वाशे-दीडशे श्वास! शांत उभा असतो तेव्हा हाच घोडा दहा-पंधरा श्वास घेतो. त्याचे काळीज उभे असताना मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते आणि पळताना दोनशेच्या वर जाते. शिवाय पाणथरीत त्याने रक्ताचा साठा राखून ठेवलेला असतो. पळायची वेळ आली की तो साठा अंगात सोडला जातो. गाठीला ठेवलेले पैसे अडचणीला काढावेत तसे.

आता सर्वांच्या आवडीचा प्रश्न. घोडा जास्तीत जास्त किती वेगाने पळतो?

साधारण चांगला घोडा चौखूर सुटला म्हणजे तासाला चाळीस ते अठ्ठेचाळीस किलोमीटर. शर्यतीसाठी पैदास केलेले घोडे त्याहून पुढे जातात. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन डर्बी नावाची शर्यत होते, तिचे अंतर २४०० मीटर. जिंकणारा घोडा ते अडीच मिनिटांच्या आसपास तोडतो. १५० सेकंदांत २४०० मीटर म्हणजे सेकंदाला १६ मीटर, तासाला सुमारे ५८ किलोमीटर. अमेरिकेत १९७३ साली सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याने बेलमाँटची दीड मैलाची शर्यत २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली. हे तासाला ६० किलोमीटर झाले. आणि अगदी थोड्या अंतराचा विक्रम विनिंग ब्रू या दोन वर्षांच्या घोडीचा आहे. १४ मे २००८ रोजी तिने सुमारे ४०२ मीटर अंतर २०.५७ सेकंदांत कापले. तासाला ७० किलोमीटर! नांदेडची एसटी मोकळ्या रस्त्यावर जशी जाते तसे. माणसांतला सर्वांत वेगवान धावपटू उसेन बोल्ट याने २००९ साली १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. त्याचा हिशेब तासाला साडेसदतीस किलोमीटर येतो. चित्ता मात्र घोड्याला मागे टाकतो, पण तोही काही शे मीटरच. नंतर तो बसतोच.

घोडाही ७० च्या वेगाने फार वेळ पळत नाही. अंतर वाढले की वेग उतरतो, हे वरच्या आकड्यांतून दिसतेच. ज्या गोष्टीत 'वाऱ्याच्या वेगाने दिवसभर घोडा फेकला' असे येते, ती गोष्टच समजावी. खरा घोडा लांब जातो तो चाल आणि दुडकी आलटून पालटून, मधे पाणी पिऊन, विसावा घेऊन. अमेरिकेत टेव्हिस कप म्हणून डोंगरातली एक शर्यत १९५५ सालापासून होते. चोवीस तासांत शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. देगलूरहून नांदेडला जाऊन परत येण्याइतके ते होते. पण वाटेत ठिकठिकाणी डॉक्टर घोड्याचे ठोके मोजतात. विसाव्यात ठोके वेळेत खाली आले नाहीत तर घोड्याला पुढे जाऊ देत नाहीत, स्वार कितीही ओरडो.

आपल्या मराठ्यांच्या फौजांचे बळ यातच होते. भीमेच्या काठचे भीमथडीचे घोडे बुटके, पण काटक. थोड्या चाऱ्यावर राहत आणि डोंगर चढत. १७२८ साली बाजीराव पेशव्यांनी वैजापूर तालुक्यातल्या पालखेडला निजामाला कोंडीत पकडले, ते अशाच हलक्या घोडदळाच्या जोरावर. निजामाच्या जड तोफा आणि सामान मागे पडत गेले, घोडे मात्र पुढे जात राहिले. आणि आपल्या शेजारच्या उदगीरला १७६० साली सदाशिवरावभाऊंची निजामाशी लढाई झाली, तिथेही मराठ्यांचे घोडदळ होते. उदगीरचा किल्ला पाहायला जाल तेव्हा बाहेरच्या माळाकडे बघून टापांचा आवाज मनात आणा.

आता थोडे मोठ्या माणसांसाठी. घोड्याचा पाय मोडला तर तो बहुधा बरा होत नाही, असे आपण ऐकतो. का होत नाही? आपला पाय मोडला तर आपण महिनाभर खाटेवर पडून राहतो. घोड्याला फार दिवस पडून राहता येत नाही. त्याच्या वजनानेच त्याचे अंग आणि फुप्फुस दबते. उभा राहिला तर उरलेल्या तीन पायांवर सगळा भार येतो आणि त्यांचेही खूर सुजून बिघडतात. गुडघ्याखाली मांस नसल्याने मोडलेल्या हाडाला रक्तही कमी मिळते. ज्या घरचे पोट वरातीच्या घोड्यावर आहे, त्या घरी घोडा लंगडला म्हणजे लग्नसराई गेली. आणि लग्नसराई येते ती भर एप्रिल-मे महिन्यात. डांबर तापलेले, बँड कानाशी, पायाशी फटाक्यांची माळ. घोडा हे मुळात भिऊन पळणारे जनावर. पळायला जागा नसली की तो जागच्या जागी उसळतो आणि गुळगुळीत नाल डांबरावरून घसरते. वरातीत माळ लावायचीच असेल तर घोडा पुढे निघून गेल्यावर लावता येते. त्याला एक बादली पाणी दाखवायला नवरदेवाच्या मामाला काही कमीपणा येत नाही.

नालेचे काम नालबंद चाचांजवळ बसून पाहावे. खुराची कड मेलेल्या नखासारखी असते, तिला दुखत नाही. मेख तिच्यातूनच बाहेरच्या अंगाला तिरपी काढतात, टोक कापतात आणि वाकवतात. मेख जराशी आत गेली तर मात्र जिवंत भागाला लागते आणि घोडा लंगडतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासावा लागतो. तळाशी एक मऊ त्रिकोणी गादी असते. पाऊल पडले की ती दबते आणि पायातले रक्त वर ढकलायला मदत करते. त्या गादीशेजारी खडा अडकला तर तो घोड्याला आपल्या चपलेतल्या काट्यापेक्षा जास्त त्रास देतो.

माळेगावला जाणाऱ्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त बरोबर मागचे आणि नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. मागून गुपचूप गेलात तर तो लाथ मारणारच, त्यात त्याची काही खोडी नाही. बाजूने, खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जावे. तेही मालकाला विचारून.

आणि वेग मोजायचा असेल तर तो मोजण्यासाठी काही लागत नाही. दोन खुणांमधले अंतर मीटरमध्ये मोजा आणि किती सेकंद लागले ते घड्याळात पाहा. अंतराला सेकंदांनी भागा आणि ३.६ ने गुणा. उत्तर तासाला किलोमीटरमध्ये येते, कारण तासात ३६०० सेकंद आणि किलोमीटरमध्ये १००० मीटर असतात. समजा, यात्रेत एक घोडा १०० मीटर १२ सेकंदांत गेला, तर वेग तासाला ३० किलोमीटर. दुसरा घोडा तेच अंतर २४ सेकंदांत गेला तर तो कोणत्या चालीने गेला असेल? आणि आपल्या मैदानाच्या वडापासून फाटकापर्यंत तुम्ही स्वतः किती वेगाने पळता? उत्तरे कागदावर नाव व इयत्ता लिहून भित्तिपत्रकाखालच्या खोक्यात शनिवारपर्यंत टाकावीत.